पिंपाला ताप आला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी पिंप आहे, आणि स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. दूरच्या थंड मुलखात, एका शेतघराच्या तळघरात, दोन दगडांच्या आधाराने मी आडवा पडलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, काय निवांत आहे हा. पण माझ्या बुचाला कान लावून बघा. आत सारखी चुळबुळ चालू असते. बुडबुडे वर येतात, फुटतात, पुन्हा येतात. माझ्या पोटात जे राहतात ते झोपत नाहीत, मग मी तरी कसा झोपणार?

माझं लाकूड ओकचं. पिंपं बांधणाऱ्या एका कारागिराने माझ्या फळ्या गोलाकार उभ्या केल्या, मधोमध आगटी पेटवली आणि मला शेकून शेकून वाकवलं. मग लोखंडी पट्ट्या ठोकून बसवल्या. माझ्यात एकही खिळा नाही, डिंकाचा थेंबसुद्धा नाही. फळ्या एकमेकींना रेटून धरतात, तेवढ्यावरच मी टिकून आहे. घरातल्या माणसांचंही पुष्कळदा असंच असतं, हे मला नंतर कळलं.

आधी मी एका व्यापाऱ्याकडे होतो. तो माझ्यात द्राक्षांची दारू मुरवायचा. मी जुना झाल्यावर त्याने मला अंगणात काढून ठेवलं. तिथून मला बाबांनी आणलं. बाबा म्हणजे या शेतघराचे मालक. त्यांना दोन मुलगे. थोरला शेती बघायचा आणि धाकटा बाबांच्या मागे मागे तळघरात असायचा. थोरल्याचं लग्न झालं आणि घरात सून आली. धाकटा तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणतो.

बाबा बिअर बनवायचे. पण ती दुकानात मिळते तशी नव्हे. तिला सेझॉन म्हणतात. फ्रेंच भाषेत सेझॉन म्हणजे हंगाम. थंडीत शेतात काम नसताना ती बनवायची आणि उन्हाळ्यात, कापणीच्या उन्हात राबणाऱ्यांनी ती प्यायची. हलकी, कोरडी, तहान भागवणारी. त्यासाठी बाबा थोडे जव घ्यायचे आणि बाकी सगळा आपल्या शेतातला जुना गहू. हा गहू खपलीच्या जातीचा, माणसाच्या छातीएवढा उंच. दाण्याचं तूस लवकर सुटत नाही आणि वारा आला की सगळं पीक लोळण घेतं. आजूबाजूच्या शेतांतून तो केव्हाच गेला होता. बाबा मात्र दरवर्षी एका तुकड्यात तो पेरत.

आणि यीस्ट? ते बाबांनी कधीच विकत आणलं नाही. धान्याचा उकळलेला रस ते पसरट भांड्यात उघडा ठेवत आणि खिडकी सताड उघडत. वाऱ्यावरचं, फळांच्या सालींवरचं रानटी यीस्ट आपल्या पायांनी चालत यावं तसं येऊन बसायचं. त्यातलं बरंचसं माझ्या लाकडात शिरलं आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिलं.

मग बाबा वारले, आणि बिअरचं काम वहिनी नि धाकट्यावर आलं. पुढच्या थंडीत धाकट्याने विषय काढला. त्याला स्टीलच्या टाक्या हव्या होत्या, पाकिटातलं यीस्ट हवं होतं.

"वहिनी, हे पिंप नाही, जंतूंची धर्मशाळा आहे," तो म्हणाला. "एक वर्ष चांगली होते, एक वर्ष बिघडते. आपल्या हातात काय राहतं?"

"धर्मशाळा तर धर्मशाळा," वहिनी म्हणाली. "बाबांनी कुणाला हाकललं नाही, मी कशाला हाकलू?"

एके दिवशी ती बाजारात गेलेली असताना धाकट्याने माझं बूच काढलं आणि नळीने उकळतं पाणी आत सोडलं. मित्रांनो, तो वाईट नव्हता. त्याला वाटलं, एकदा पिंप साफ झालं की वाद मिटेल. पण माझ्या फळ्या तडतडल्या आणि आतली चुळबुळ एकदम थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच मी शांत झालो, आणि ती शांतता मला मुळीच आवडली नाही.

वहिनी परत आली. वाफ बघून तिने नळी उपसून फेकली. त्या दिवशी दोघं जे बोलले ते मी सांगणार नाही. थोरला दारात उभा होता. त्याने ना भावाची बाजू घेतली ना बायकोची, आणि त्यामुळे दोघंही त्याच्यावर चिडले. धाकटा शहरात निघून गेला. बिअरच्या एका मोठ्या कारखान्यात त्याला चव घेण्याचं काम मिळालं. घोट घ्यायचा आणि दोष शोधायचे. वहिनी म्हणाली, "जन्मभर तेच केलंय, आता पगार मिळेल." त्यानंतर दोघांत अबोला पडला.

मला मागच्या पडवीत ढकलून दिलं. मी वाळलो, फळ्यांना फटी पडल्या. मांजर माझ्या आडोशाला व्यायली आणि कोंबड्या माझ्यावर बसून जे करायचं ते करून गेल्या. पण लाकडाच्या अगदी आत, जिथे उकळतं पाणी पोचलं नव्हतं, तिथे कुणीतरी अजून जिवंत होतं. मला ते जाणवायचं. मला ते सांगता येत नव्हतं. याहून मोठी तगमग कोणती असेल?

बाबांनंतरही थोरला जुना गहू पेरत होता, पण एका वर्षी वाऱ्याने तो पुन्हा आडवा केला आणि थोरला वैतागला.

"अगं, पुरे झालं आता," तो म्हणाला. "पुढच्या पेरणीला नवा बुटका गहू लावू. हा कोंबड्यांना घालू."

"एकदा बिअर करून बघते," वहिनी म्हणाली. "बियाण्यापुरता ठेवून बाकी सगळा गहू तिच्यात घालते. चांगली झाली तर हा गहू राहील. नाही झाली तर तुम्ही म्हणाल तसं."

तिने मला पडवीतून काढलं, गार पाण्याने भिजवलं, फटी बुजेपर्यंत भिजवत राहिली. थंडीत तिने बाबांसारखाच रस उकळला, खिडकी उघडली आणि गार झाल्यावर तो माझ्यात भरला. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. वहिनी येऊन बुचाला कान लावायची आणि तशीच परत जायची. मग एका सकाळी लाकडातले ते वाचलेले हळूहळू बाहेर आले आणि आत पहिला बुडबुडा फुटला. लोक म्हणतात जीव भांड्यात पडला. माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं.

पण हे सुख फार टिकलं नाही. थंडी संपता संपता वहिनीला कळलं की ती आई होणार आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोघांनी आशा सोडली होती. घरात आनंद मावेना. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं, "दारूचा एक थेंबही नाही. चव बघायलासुद्धा नाही."

आता चव कोण बघणार? वहिनीने नवऱ्याला तळघरात आणलं. त्याने पेला भरला, घोट घेतला.

"कशी लागते?"

"बिअरसारखी."

"अहो, म्हणजे कशी?"

थोरल्याने पुष्कळ विचार केला. "ओली आहे," तो म्हणाला. "तुला माहितेय, मला सगळ्या सारख्याच लागतात."

वहिनीने कपाळावर हात मारला. तिने पेला उजेडात धरून तिरका केला, आणि तिचा चेहरा उतरला. बिअर पाण्यासारखी पडत नव्हती. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तिची तार सुटत होती. लांब, बुळबुळीत, तुटता न तुटणारी.

मी आजारी पडलो होतो. माझ्या आतल्या एका जातीच्या जंतूंनी सगळीकडे चिकटा करून ठेवला होता. पण दुसरे, ते जुने रानटी यीस्ट, तो चिकटा हळूहळू खात होते. फार हळू. मला हे ठाऊक होतं. मी बूच हलवून बघितलं, फेस वर ढकलून बघितला. पण पिंपाची भाषा कुणाला येते?

वहिनी रोज खाली यायची, तार काढून बघायची, रोज तीच तार. तिला बसवेना, झोपवेना. "ओतून टाकते," ती सकाळी म्हणायची. "नको, उद्या बघते," असं संध्याकाळी म्हणायची. थोरल्याने तर मला मधोमध कापून फुलझाडांना दोन कुंड्या करायच्याही ठरवल्या होत्या. अंगणात करवत आणून ठेवलेली मी गवाक्षातून बघितली, आणि माझ्या पट्ट्या सैल झाल्यासारख्या वाटल्या.

पण त्या गप्प माणसाच्या मनात वेगळंच चाललं होतं. एका दुपारी वहिनी विसावा घेत असताना तो तळघरात आला, माझ्यावर टेकला आणि त्याने फोन लावला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "तिच्या बिअरला तार सुटलीये. मला त्यातलं काही कळत नाही. तू ये." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "ती बोलावणार नाही. म्हणून मी बोलावतोय."

रविवारी धाकटा आला. वहिनी त्याला बघून दारातच थबकली. तिने नवऱ्याकडे असं बघितलं की थोरला लगबगीने गोठ्याकडे निघून गेला.

"भाऊजी, पाणी घ्या," ती म्हणाली.

"आधी पिंप बघू," तो म्हणाला.

त्याने पेला भरला, तार बघितली, वास घेतला, घोट घेऊन थुंकला. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कारखान्यात अशी निघाली असती तर लगेच गटारात," तो म्हणाला.

"आणि इथे?"

"इथे मला माहीत नाही, वहिनी. खरंच नाही. आमच्याकडे अशा बिअरला पुढचा दिवस कुणी बघूच देत नाही."

वहिनी माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. "मी नवी नवरी होते तेव्हा एकदा असंच झालं होतं," ती म्हणाली. "बाबांना विचारलं, आता हो काय करायचं? म्हणाले, त्याला ताप आलाय, उतरेल. मग उतरला का नाही, ते मी विचारलंच नाही. घरातल्या कामात विसरून गेले."

"त्या वर्षीची कापणीतली बिअर आठवते मला," धाकटा सावकाश म्हणाला. "चांगली होती."

मग धाकट्याने बूच घट्ट बसवलं. "कापणीपर्यंत हात लावू नका. मी येईन."

"नक्की?"

"चव कोण बघणार मग? दादा?"

वहिनी हसली. त्या हसण्याने अबोला पुरता सुटला नाही, पण त्याची गाठ सैल झाली.

उन्हाळा आला. तळघरसुद्धा तापलं. मित्रांनो, ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आतले रानटी यीस्ट चिकटा खात होते, पण ते जिंकतील की हरतील हे आता मलाही सांगता येत नव्हतं. बिअरवर पातळ पांढरी साय धरली. वहिनीची पावलं जड होत गेली. जिना उतरताना ती आता भिंत धरायची. माझ्यापाशी यायची, हात ठेवायची, पण बुचाला लावत नसे. एका हाताखाली मी आणि दुसऱ्या हाताखाली तिचं पोट. आमच्या दोघांच्याही आत काय चाललंय, हे तिला बघता येत नव्हतं.

कापणी झाली आणि धाकटा आला. दिलेला शब्द त्याने पाळला. थोरलाही खाली आला, पण दाराशीच उभा राहिला. तोटी उघडली. बिअर पेल्यात पडली, आणि तार नव्हती. खळखळत पडली. फिकट सोनेरी, जराशी गढूळ, वर दाट पांढरा फेस.

धाकट्याने पहिला घोट घेतला. या वेळी तो थुंकला नाही.

"सांगा," वहिनी म्हणाली. "मला पिता येत नाही. नीट सांगा, काही गाळू नका."

"आधी लिंबाची साल," तो म्हणाला. "मग हिरव्या सफरचंदाची. मिरी थोडी, घशाशी. मधे गहू आहे, भाजलेल्या पावाच्या कडेसारखा, जरा काजूसारखाही. आंबट आहे पण दात आंबत नाहीत. शेवटी एकदम कोरडी. दुसरा घोट मागते."

वहिनीने पेला हातात घेतला आणि डोळे मिटून वास घेतला. "गोठ्याचा वास सांगितला नाहीत."

"तो दोष धरतात आमच्याकडे."

"आमच्याकडे गोठा आहे," वहिनी म्हणाली.

थोरला दारातून हसला. पण धाकटा हसला नाही. त्याने आणखी एक घोट घेतला आणि पेला माझ्यावर ठेवला.

"वहिनी, ही बाबांची नाही," तो म्हणाला. "मी तीच शोधत होतो. त्यांच्या बिअरमध्ये पिकलेल्या नासपतीचा वास असायचा. तो यात नाही. त्या दिवशी मी पाणी ओतलं ना, त्यात तो गेला. आता परत यायचा नाही."

खरं होतं ते. मला ते आधीपासून माहीत होतं. वहिनीचे डोळे भरून आले. ती वर्षभर जी चव परत मिळेल म्हणून जिवाचं रान करत होती, ती कायमची गेली होती.

"मग ही कुणाची?" तिने विचारलं.

"जे वाचले त्यांची," धाकटा म्हणाला. "आणि तुमची. चांगली आहे, वहिनी. वाईट असती तर मी सांगितलं असतं, माझं कामच ते आहे. खूप चांगली आहे."

थोरला पुढे आला. त्याने आपला पेला भरून घेतला, प्यायला, आणि दुसऱ्यांदा भरला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाला तिने कधीच दुसरा पेला घेताना बघितलं नव्हतं.

"कशी लागते?" तिने विचारलं.

"बियाणं कोंबड्यांना घालायचं नाही," थोरला म्हणाला.

वहिनीचे दिवस भरत आले होते, म्हणून पेरणीला धाकटा थांबला. जुना गहू त्याने भावाबरोबर पेरला. मग त्याने मला धुतलं, गार पाण्याने, आणि प्रत्येक वेळी वहिनीला विचारून.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं काही आजारी पडलं, बिघडलं, त्याला तार सुटली, तर ते ओतून देण्याची घाई करू नका. थोडं थांबा. आणि नुसतं थांबणं जिवावर आलं, तर ज्याला त्यातलं कळतं त्याला बोलवा. त्याच्याशी तुमचं बोलणं बंद असेल, तर आधी त्यालाच बोलवा.