टाकीतले दोन फूट

देशाची सुरक्षा आता सीमेवर नसून पडद्यावर आहे, असं मुख्य कार्यालयाच्या पत्रकात ठणकावून लिहिलं होतं. ते पत्रक पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात आलं आणि चार घड्या घालून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेलं. टेबल स्थिर झालं. सुरक्षेचा पहिला टप्पा तिथेच पार पडला.

दुसरा टप्पा म्हणजे तीन दिवसांचं सायबर सुरक्षा प्रशिक्षण. शेवटच्या दिवशी परीक्षा: प्रशिक्षिका कधीतरी लुटुपुटीचा हल्ला करणार आणि ऑपरेटरने तो दहा मिनिटांत ओळखायचा. नापास होणाऱ्याची बदली तक्रार खिडकीवर.

मुख्य ऑपरेटर काकांना हल्लेखोरांची भीती नव्हती. तक्रार खिडकीची होती. तिथली प्रमुख त्यांच्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे साक्षात आकडसासू. महिन्यातून एकदा भेटे, तेवढी काकांना महिनाभर पुरत असे.

परीक्षेच्या सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली, "नीट लक्ष द्या. ताई विचारत होती, खुर्ची लावून ठेवू का म्हणून."

काका डबा घेऊन निघाले. पहिले दोन दिवस तसे बरे गेले नव्हते. "टेबलावर अनोळखी पेन ड्राइव्ह दिसला तर काय कराल?" असं प्रशिक्षिकेने विचारलं होतं.

"कुणाचा आहे ते विचारू."

"कुणाचाच नसला तर?"

"मग साहेबांचा असेल."

प्रशिक्षिकेने वहीत काहीतरी लिहिलं होतं. बराच वेळ लिहीत होती.

साडेदहाला तिने मागच्या खुर्चीवरून गुपचूप कळ दाबली. हल्ला साधा होता. पंपांना हात लावायचा नाही, फक्त पडद्यावर टाकीची पातळी दोन फूट वाढवायची. टाकी भरली समजून काकांनी पंप लवकर बंद केला की निम्मं शहर कोरडं, निदान कागदावर.

काकांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. सवयीने टाकीवरच्या रखवालदाराला फोन लावला. त्याला सगळे भोंगा म्हणत. फोन ही त्याच्या बाबतीत निव्वळ औपचारिकता होती.

"किती रे?"

"चौदा फूट!"

काकांनी वहीत चौदा लिहिलं आणि मान वर केली. पडद्यावरही चौदा. काकांनी फोन पुन्हा तोंडाशी धरला.

"भोंग्या, परत बघ."

"चौदाच! डोळे शाबूत आहेत माझे!"

"जुळतंय की, काका," शेजारचा जोडीदार म्हणाला.

"अरे, तेच तर! जुळतंय कसं? अकरा वर्षांत कधी जुळलंय?" काकांनी धोक्याचं बटण दाबलं. "बाई, आत कुणीतरी घुसलंय!"

प्रशिक्षिकेने घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं, चाळीस सेकंद. "कशावरून?"

"आकडा बरोबर आलाय."

"आकडा बरोबर आला म्हणजे हल्ला?"

"आमच्याकडे, हो."

मग उलगडा झाला. पातळी मोजणारं यंत्र अकरा वर्षांपूर्वी बसवतानाच चुकलं होतं आणि तेव्हापासून दोन फूट कमी दाखवत होतं. दुरुस्तीची नऊ पत्रं विचाराधीन होती. तोवर काका मनात दोन मिळवत आणि भोंग्याकडून खात्री करून घेत.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"आम्हा चौघा ऑपरेटरांना. आणि भोंग्याला, म्हणजे अर्ध्या शहराला."

"मी अहवालात दुरुस्ती सुचवते."

"नको हो!" काका कळवळले. "मग पुढच्या वेळी चोर ओळखायचा कसा?"

प्रशिक्षिकेने पुन्हा बराच वेळ लिहिलं. 'यंत्रणेच्या नेहमीच्या वागण्याची सखोल जाण' असा शेरा पडला आणि चारच्या सुमाराला शिक्क्यासकट प्रमाणपत्र हातात आलं. काकांनी तिथूनच घरी फोन लावला.

"सुटलो!"

"आधी खालचं बारीक अक्षर वाचा, ताईने सांगितलंय," बायको म्हणाली.

काकांनी चष्मा लावून वाचलं. प्रमाणपत्राची मुदत सहा महिने होती. काकांच्या निवृत्तीला चौदा महिने होते.