नांदेड रोडवरची अकरा मिनिटं

"काय होत न्हाई वो साहेब. इथून इथं तर जायचंय."

गाडीची काच अर्धी खाली करून तो माणूस म्हणाला, आणि नेमकं तेच त्यानं म्हणायला नको होतं. दुसरं काहीही म्हणाला असता, हात जोडले असते, आई आजारी आहे म्हणून सरळ खोटं बोलला असता, तर बजरंग हवालदारानं त्याला कदाचित जाऊही दिलं असतं. म्हणजे असं त्याला नंतर वाटायचं. खरं काय झालं असतं ते देव जाणे.

मे महिन्यातला पहिला रविवार होता. दुपारचा एक वाजून आठ मिनिटं झाली होती आणि लातूरच्या तोंडाशी नांदेड रोडवर नाकाबंदी लागली होती. बजरंगची नोकरी तीस वर्षांची. नावाआधी आता सहायक फौजदार लागत होतं, पण रस्त्यावरचं कुणी त्याला हवालदाराच्या वर चढू देत नव्हतं. त्यालाही त्याचं काही नव्हतं.

नाकाबंदीत काय चालतं हे त्याला पाठ झालं होतं. समोरून येणारे डिपर मारून मागच्यांना सांगायचे, की पुढं पोलीस आहेत. मग शे-दोनशे पावलांवर सगळ्यांना आपल्या जिवाची आठवण व्हायची, पट्टे ओढले जायचे, आणि नाका ओलांडला की सुटायचे. काही हुशार लोक पट्टा नुसता छातीवरून ओढून त्याचं टोक मांडीखाली दाबून बसायचे. गाडीनं टिवटिव करू नये म्हणून बकलमध्ये वेगळी क्लिप घालून ठेवायचे. लातूरच्या बाजारात ती क्लिप उघड मिळते. हा माणूस त्याच हुशारांपैकी होता.

"मांडी उचला," बजरंग म्हणाला.

"आँ?"

"मांडी उचला म्हणलं. पट्टा निसटतो का बगू."

पट्टा निसटला आणि सर्रकन वर गेला. त्या माणसाचा चेहरा पडला, आणि पडल्यापाठोपाठ चढला. कपाळावर ताजं कुंकू होतं, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. लायसन्सवर नाव किशनराव, चाकूर तालुक्यातला. शेती चांगली असावी, गाडी जुनी पण पुसूनपासून ठेवलेली होती.

"ती क्लिप काढून माझ्याकडं द्या, पट्टा लावा, चलन घ्या अन् जा," बजरंग म्हणाला.

"क्लिप कामून देऊ? विकत आणलीय मी. माझी गाडी, माझा जीव. तुमाला काय करायचंय? टार्गेट भरायला उभं करून राहिलेत तुमाला, कळत न्हाई का आमाला?"

तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला. "काका, गेट दीडला बंद होतंय."

बजरंगनं वाकून पाहिलं. सतरा-अठरा वर्षांची मुलगी. कानात काही नाही, गळ्यात काही नाही, हात मोकळे. परीक्षेला दागिना चालत नाही म्हणून तिनं सगळं घरीच उतरवून ठेवलेलं. मांडीवर पाण्याची पारदर्शक बाटली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रवेशपत्र. नीटच्या परीक्षेला निघालेल्या अशा मुली सकाळपासून शंभरेक तरी त्याच्यासमोरून गेल्या होत्या. देगलूरच्या, नांदेडच्या, कुठल्या कुठल्या. डॉक्टर व्हायचं तर लातूरला या, असं आता सगळा मराठवाडा मानतो.

"तुझ्या बाबाला सांग पट्टा लावायला. एका मिनिटाचं काम हाय," तो म्हणाला.

"बाबा, द्या ना ती क्लिप," मुलगी म्हणाली.

"तू गप बस, राजश्री. मी बोलून राहिलो ना."

आणि किशनरावानं फोन काढला. लातुरात कुणीतरी भाऊ होते, त्यांना लावला. भाऊंनी उचलला नाही. मग दुसऱ्या कुणाला लावला आणि फोन खिडकीतून बाहेर धरला. "घ्या, बोला साहेबांशी." बजरंगनं हात मागं बांधले. चलनाच्या मशीनला रेंज मिळेना, चक्र गरगर फिरत राहिलं. बजरंगला मशीन खिशात टाकून गाडी सोडता आली असती. किशनरावालाही ती क्लिप उपटून त्याच्या अंगावर फेकता आली असती. दोघेही उन्हात एकमेकांकडे बघत राहिले. मुलगी पुन्हा एकदाच बोलली. "काका, सोडा ना."

शेवटी एक वाजून एकोणीस मिनिटांनी चलन निघालं, क्लिप निघाली, पट्टा लागला आणि गाडी गेली. तिथून सेंटर पंधरा मिनिटांवर होतं.

पाऊण तासानं तीच गाडी परत आली. नाक्याच्या मधोमध आडवी थांबली. किशनराव उतरला तेव्हा त्याचा सदरा घामानं भिजला होता आणि आवाज फाटला होता.

"चार मिनिटं! चार मिनिटं आधी गेट बंद झालं! पाया पडलो वाचमनच्या! पोरीचं वरीस खाल्लं तुमी! झालं का समाधान?"

लोक जमले. कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. बजरंग उभा होता. त्याला किशनरावाचं काही वाटत नव्हतं, शिव्या खायची त्याला सवय होती. तो मागच्या सीटकडे बघत होता. मुलगी रडत नव्हती. पिशवीतलं प्रवेशपत्र बाहेर काढून तिनं त्याची बारीक घडी घातली होती, आणि ती घडी उलगडून पुन्हा घालत होती.

घरी बायकोनं, उज्वलानं, त्याला जेवायला वाढलं तेव्हा तो व्हिडिओ तिनंही पाहिलेला होता. ती क्लाससाठी शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या बारा पोरींना डबे देते. त्यातल्याच एकीनं दाखवला.

"मी काय चुकलो, सांग," तो म्हणाला.

"चुकला असं कोण म्हणतंय? पर एक डाव सोडलं असतं तर काय झालं असतं?"

"तेच तर कुणाला ठाऊक नसतंय."

उज्वलानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. तिला कारण माहीत होतं. तीस वर्षांत त्यानं ते एकदाच सांगितलं होतं, लग्नानंतर.

बजरंगचं गाव औसा तालुक्यातलं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधीच्या वर्षी तिथं जमीन हलायला लागली, भांडी वाजायला लागली, तेव्हा सगळं गाव घाबरून बाहेर झोपू लागलं. मग महिने गेले, काही झालं नाही, आणि माणसं कंटाळून एकेक करून आत गेली. त्याची आई केवळाबाई मात्र ऐकेना. धाकट्या गोदावरीला कुशीत घेऊन ती अंगणातच खाटेवर झोपायची. बजरंग तेव्हा पोलिसात नवा नवा लागला होता. महालक्ष्म्यांच्या सुट्टीला घरी आला, तर पावसात ओली झालेली खाट आणि खोकणारी आई. लोक हसतात माय, तो म्हणाला होता. एवढं दगडामातीचं दांडगं घर, भिंती हातभर रुंद. काय होत न्हाई. आत झोप. आणि ती खाट त्यानं स्वतः उचलून आत नेली होती, वर्दीतल्या माणसाच्या ऐटीत. जड खाट होती. गोदावरी दुसऱ्या टोकाला हात लावून खिदळत होती. ती सोळा वर्षांची होती.

आठवड्यानं तो लातुरात गणपतीच्या बंदोबस्ताला होता. पहाटे जमीन हलली. तो गावी पोचला तेव्हा हातभर रुंद भिंती खाटेवर होत्या.

त्यानंतर "काय होत न्हाई" हे शब्द तो बोलला नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकले की त्याच्या डोक्यात काहीतरी घट्ट होऊन बसायचं, आणि मग समोर कोण आहे, कुठं चाललंय, हे त्याला दिसायचं नाही. काढून घेतलेल्या क्लिपा तो घरी बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. डबा भरत आला होता. प्रत्येक क्लिप म्हणजे एक माणूस बाहेर झोपवला, असा त्याचा खुळा हिशेब होता. त्या रविवारची क्लिप मात्र त्यानं डब्यात टाकली नाही. ती वर्दीच्या खिशातच राहिली.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. साहेब तरुण होते, चांगले होते.

"बजरंगराव, नियमानं तुम्ही बरोबर आहात. पण थोडं बघायचं असतं. परीक्षेचा दिवस होता."

"हाव साहेब."

"पुढच्या वर्षी त्या दिवशी कुणाला अडवायचं नाही. नुसती वाट मोकळी करून द्यायची."

"हाव साहेब."

त्याच्या जिवाला एकच आधार होता. लातुरात एका वर्षानं काही संपत नाही. इथं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्यांचे वेगळे वर्ग भरतात, आणि त्यातूनच पोरं डॉक्टर होतात, असं उज्वला सांगायची. ती मुलगीही जूनमध्ये येईल, असं त्यानं स्वतःशी ठरवून टाकलं. क्लास सुटायच्या वेळी ड्युटी असली की रस्त्यावर लोटलेल्या त्या गर्दीत तो तिला शोधायचा. पाठीवर जड पिशव्या, हातात वह्या, शेकडो पोरी. सारख्याच दिसायच्या. एकदा तर त्यानं एका मुलीला "राजश्री" म्हणून हाक मारली, आणि ती पोलिसाला बघून घाबरून पळाली. उज्वलालाही त्यानं विचारायला लावलं. डब्याच्या पोरींपैकी कुणाला चाकूरकडची राजश्री माहीत नव्हती. दुसऱ्या एरियात राहत असेल, तो म्हणायचा. दिवाळी गेली, उन्हाळा आला.

पुन्हा मे महिन्यातला पहिला रविवार. तीच जागा, तेच ऊन. या वेळी मशीन नव्हतं, चलन नव्हतं. बजरंग हात हलवून गाड्या पुढं काढत होता. मांडीखाली दाबलेले पट्टे त्याला दिसत होते. काहींनी तर तेवढंही नाटक केलं नव्हतं. मागं पोरी बसलेल्या, ओठ हलवत काहीतरी पाठ करणाऱ्या. तो प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटकडे बघत होता. आज ती येणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. वाट एकच आहे. ती दिसली की पुढच्या चौकापर्यंत फोन करून सगळे सिग्नल मोकळे करायचे, हे त्यानं पंधरा दिवसांपासून योजून ठेवलं होतं.

एक वाजला. वर पाच मिनिटं झाली. आणि ती गाडी आली.

त्यानं हात दाखवलाच नव्हता, तरी गाडी कडेला थांबली. काच पूर्ण खाली गेली. किशनराव समोर बघत होता, त्याच्याकडे नाही. पट्टा छातीवरून नीट गेलेला, बकलमध्ये बसलेला.

"जा जा, थांबू नका," बजरंग घाईनं म्हणाला. "टाइम हाय अजून. मी पुढं फोन लावतो."

"काका."

त्यानं मागं पाहिलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता. गळ्यात नवं मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा कोपरापर्यंत. आणि खांद्यावरून पट्टा घेतलेला, लावलेला. तीस वर्षांच्या नोकरीत मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेलं माणूस त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

"वळखलं का काका?"

त्यानं मान हलवली.

"परीक्षा?" तो म्हणाला.

"न्हाई दिली मग. स्थळ आलं. बाबा म्हणले, चांगलं हाय, एक वरीस कशाला घालवायचं." ती हे अगदी सरळ सांगत होती. "औशाला दिलंय. सासरीच चाललोय आता."

किशनरावाची बोटं स्टिअरिंगवर आवळली गेली. त्यानं मान वळवली नाही.

"मी लई शोधलं तुला," बजरंग म्हणाला. "क्लासच्या रस्त्यानं."

तिला हे अपेक्षित नसावं. तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मग हळूच, बापाला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "तुमी मनाला लावून घेऊ नका काका. आमीच उशिरा निघालतो. नारळ फोडाया थांबलो, लई लाइन होती देवळात." मग पट्ट्याला हात लावून म्हणाली, "बाबा आता गाव सोडायच्या आधीच लावतेत. मी बी लावते."

खिशातली क्लिप बजरंगच्या बोटांना लागत होती. ती काढून द्यावी की काय करावं, त्याला कळेना. माफी मागावी असं त्याला फार वाटलं. पण कशाची मागायची, हे एक वर्षात त्याला ठरवता आलं नव्हतं. उद्या तीच गाडी तशीच आली तर तो पुन्हा अडवणार होता, आणि हेही त्याला माहीत होतं.

"जाऊ का?" किशनराव पहिल्यांदा बोलला.

"हाव. जावा सावकाश."

गाडी निघाली. बजरंगनं सवयीनं घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं. इथून सेंटर पंधरा मिनिटांवर.

पुढच्या चौकात परीक्षेच्या गाड्या उजवीकडे वळत होत्या. एकामागून एक, दिवे उघडझाप करत. किशनरावाची गाडी त्यांच्यामागं थोडी थांबली, वाट मिळाल्यावर बाजूनं निघाली आणि सरळ औशाच्या रस्त्याला लागली. बजरंग ती दिसेनाशी होईपर्यंत चौकाकडे बघत राहिला. मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा त्यानं हात वर केला आणि पुढची गाडी सोडली.