बॉलशिवायचा सराव

सकाळी साडेसहाला सराव सुरू झाला, तेव्हा स्ट्रायकर आलेला नव्हता. तळाला गेलेला संघ यंदा फायनलला पोचला तो या सरावामुळेच, असं कोचचं ठाम मत होतं. जिंका किंवा हरा, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बॉलशिवाय, आपापली जागा धरून पळायचं. जो चुकवेल, तो पुढच्या सामन्यात बाहेर.

स्ट्रायकर म्हणजे कोचचा सख्खा भाचा. तो सातला डोळे चोळत उगवला.

"मामा, बॉलच नसतो, तर मी नसलो म्हणून काय बिघडलं?"

"काही नाही. फायनललाही नसलास तरी चालेल."

"आई तुला घरात घेणार नाही."

"ताईचं मी बघतो. तू पळायला लाग."

भाच्याशिवाय गोल कोण करणार, हे मामालाही ठाऊक नव्हतं.

फायनलच्या मध्यंतरापर्यंत एकही गोल झालेला नाही. भाचा बाकावर आहे. ताईने अजून फोन उचललेला नाही.