खिडकीकडचा आवाज

मित्रांनो, बोलता न येणारा, फक्त ऐकणारा असा मी एक जुना मायक्रोफोन आहे. आकाराने बोराएवढा. घरी सिनेमाचा आवाज घुमवणाऱ्या रिसीव्हर नावाच्या यंत्रासोबत मी आलो. मला माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवतात. मग एकेक स्पीकर वाजतो. कोणता किती लांब, कोणाचा आवाज किती, हे मी रिसीव्हरला कळवतो आणि तो सगळे आवाज आपोआप जुळवून घेतो.

अकोल्यात जठारपेठेत रिसीव्हरचे दुकान चालवणाऱ्या साजिदभाईंनी मला दहा वर्षे वापरले. "याचा कान खोटं नाही बोलत," असे ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुगून जाई. मग नवे रिसीव्हर आले. त्यांचे मायक्रोफोन एका जागी नव्हे, आठ जागी ऐकतात. मी खोक्याच्या तळाशी गेलो.

गेल्या एप्रिलमध्ये अश्विनदादांना रिसीव्हर हवा होता. जुना की नवा, ते ठरेना. साजिदभाईंनी दोन्ही त्यांच्या घरी नेले. तिथे त्यांची नऊ वर्षांची मुलगी दीक्षा गप्प बसली होती. ती हाकेला ओ देत नाही, वर्गात लक्ष देत नाही, म्हणून जूनपासून तिला परतवाड्याच्या वसतिगृहात ठेवायचे ठरले होते. अर्ज टेबलावर भरून तयार होता.

माझे पहिले माप साफ चुकले, कारण कूलर चालूच होता.

"बंद करा तो," साजिदभाई म्हणाले.

"पाच मिनिटात भाजून निघते इथं माणूस," अश्विनदादा म्हणाले.

"मंग भाजा. माप खरं पायजे."

दुसऱ्यांदा माझे आणि नव्याचे उत्तर सारखेच आले. दोन्ही स्पीकर बरोबर. तरी साजिदभाईंची एक रीत होती. शेवटी ते घरातल्या लेकराला डोळे मिटून बसवत आणि आवाज आला तिकडे बोट दाखवायला सांगत.

दाराकडचा स्पीकर वाजला. दीक्षाने खिडकीकडे बोट केले. खिडकीकडचा वाजला. पुन्हा खिडकीच.

"मस्करी करून राहिली का?" अश्विनदादा ओरडले.

"नाई बाबा, तिकडूनच येऊन राहिला."

साजिदभाईंनी दुसरा रिसीव्हर जोडून पाहिला. तेच. मग हळूच त्यांनी तिची खुर्ची उलटी फिरवली. आता ती प्रत्येक वेळी दाराकडे बोट दाखवू लागली. म्हणजे नेहमी स्वतःच्या उजव्या हाताकडेच.

मी सुन्न झालो. त्या खोलीतले इंच न् इंच मी मोजले होते. चूक स्पीकरची असते, भिंतीची असते, एवढेच मला ठाऊक होते.

आठ दिवसांनी अश्विनदादा दुकानात आले. अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवून आले होते.

"दोन वर्सापयले गालफुगी झाली होती तिले. तवाच डावा कान गेला म्हणे. आता परत नाई येत." ते स्टुलावर बसले. "जेवताना मी तिच्या डाव्या हातालेच बसतो, साजिदभाई. तिकूनच आवाज देत होतो. अन् मारलंबी."

साजिदभाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "अन् तो अर्ज?"

"फाडला. आता जेवताना मी जागा बदलली."

मित्रांनो, तुमच्या वर्गातही एखादे मूल हाकेला वळत नसेल. त्याला मठ्ठ म्हणू नका. उठा, त्याच्या दुसऱ्या बाजूला जा आणि पुन्हा एकदा हाक मारा.