काचेआडचा ढावलो

"पिशवी बाहेर ठेवायची," दारावरच्या माणसाने गालातला खर्रा न हलवता सांगितलं आणि जिन्याखालचा कोपरा दाखवला.

देवसिंग राठोड पिशवी घेऊन तिथवर गेले आणि तसेच मागे फिरले. भिंतीवर पिचकाऱ्या, खाली कबुतरांची घाण, आणि पिशवीत बहिणीने पहाटे बांधून घेतलेल्या भाकरी. वर दारावर मात्र पितळी अक्षरांत 'संशोधन ग्रंथालय व विशेष संग्रह' असं झळकत होतं. झळकणारच. अक्षरं पुसायला माणूस मिळतो, जिना झाडायला मिळत नाही.

"बाई, तू पिशवी घेऊन इथंच बस. मी इचारून येतो."

"मी कायले बसू? याडी काय तुया एकट्याची होती? माही माय नव्हती?"

मानीबाईने पिशवी ओढणीखाली घेतली आणि आरशांची कांचळी, फेटियाचा घेरदार घागरा सावरत ती त्या माणसासमोरून सरळ आत गेली. तो पाहतच राहिला.

पांढरकवड्याच्या डेपोतून देवसिंगांनी उभा जन्म नागपूरला गाडी आणली होती. चौक नि चौक पाठ, पण या शहरात एवढी ग्रंथालयं आहेत हे त्यांना आजच कळत होतं. सकाळच्या पहिल्या ग्रंथालयात सांगितलं, इथे फक्त पुस्तकं, ध्वनिफिती विद्यापीठाच्या विभागात. विभागात सांगितलं, संग्रह केव्हाच हलवला, कुठे ते साहेबांना माहीत आणि साहेब रजेवर. तिसऱ्या ठिकाणी तर बाईंनी मोबाइलमधून मानही वर केली नाही. ग्रंथालय म्हणे. बस स्टँडवरचा चौकशीवाला याहून बरा, तो निदान वैतागून का होईना गाडी सांगतो.

आणि मागणं तरी केवढं? महागावजवळच्या त्यांच्या तांड्यावर फार वर्षांपूर्वी एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. बायकांना ओसरीवर बसवून त्यांनी ढावलो भरून नेला होता. लेक सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते, तो ढावलो. गाणारी होती झमकीबाई, या दोघांची आई. मानी तेव्हा बकऱ्यांमागे रानात होती आणि देवसिंग ओसरीवर रांगत होता. पुढच्याच वर्षी आई तापाने गेली. फोटो नाही, काही नाही. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना तिचा आवाज आठवायचा, पोटच्या पोराला तेवढा आठवत नव्हता. शाळेतल्या नव्या मास्तरांनी पेपरात या संग्रहाची बातमी वाचली, तिच्यात तांड्याचं नाव होतं, आणि तेव्हापासून देवसिंगांना झोप नव्हती. मरायच्या आधी एकदा तो आवाज कानावर पडावा, बस.

आत एसीचा गारवा होता. टेबलामागच्या तरुण संग्रहपालांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोड हसून विचारलं, "आपण रिसर्च स्कॉलर आहात का?"

"नाही साहेब. मी ड्रायव्हर होतो."

"मग मार्गदर्शकांचं पत्र? ऐकण्याचा उद्देश लिहून द्यावा लागतो."

"उद्देश? माय हाये ते माही."

"भावना समजतात काका, पण संग्रह अभ्यासकांसाठी आहे."

आईचा आवाज ऐकायला गाईडचं पत्र. आईच्या दुधालाही उद्या परवानगी मागतील हे. समोर काचेच्या कपाटात प्राध्यापकांचा हार घातलेला फोटो होता, त्यांचा चष्मा होता, पेनसुद्धा होतं. शेजारी टेपची पेटी, आणि तिच्यावर टाइप केलेली चिठ्ठी: 'ढावलो. गायिका – अज्ञात बंजारा स्त्री.' देवसिंगांनी ती वाचून बहिणीला सांगितली. मानीबाईने मान वळवली.

संग्रहपालांचं लक्ष आता तिच्या कांचळीकडे गेलं होतं. "आजींचा पोशाख अगदी अस्सल आहे हो," ते म्हणाले. "आमच्या वार्षिक अंकाला असाच फोटो हवा होता. या कपाटाशेजारी जरा उभ्या राहतील का? मग बघू, ऐकण्याचंही काही करता येईल."

देवसिंग उठले. "चल बाई. नाही आयकायचं आपल्याले."

"बस खाली," मानीबाई म्हणाली. "काढू दे फोटो. माहे काय आरसे झडून राह्यले?"

ती उभी राहिली. "जरा डोक्यावरून पदर घ्या, आजी. हसू नका. नजर खाली, थोडी दुःखी." देवसिंगांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. जनावरांच्या बाजारात दात तपासतात तेव्हाही माणसं एवढी निर्लज्ज नसतात, असं त्यांना वाटलं आणि इथवर बहिणीला आणल्याची त्यांना शरम वाटली.

पण कबूल केलेलं संग्रहपालांनी पाळलं. संगणकासमोर दोन खुर्च्या ठेवल्या, दोघांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि समोर छापील कागद ठेवला. "हे भाषांतर. सरांना तुमच्याच तांड्याच्या नायकांनी, म्हणजे मुखियांनी, सांगितलं होतं."

कागदावर होतं: 'आई गं, तुझं अंगण आज मला परकं झालं. माझ्या बकरीला दूध कुणासाठी येईल?'

आधी खरखर झाली. मग एक बाई गाऊ लागली, लांब, ओढून, काळीज पिळणाऱ्या चालीत. मानीबाईने भावाचा हात घट्ट धरला. तीच. देवसिंगांचे डोळे भरले आणि चालीमागचे घरच्या गोर बोलीतले शब्द कानात शिरायला थोडा वेळ लागला.

*सकाळपासून बसलाय हा ढोल्या, उठता उठत नाही गं. बकरीचं सगळं दूध पिऊन बसला, माझा देविया उपाशी गं. लगीन नाही, वरात नाही, ह्याला मेल्याला ढावलो पाहिजे गं. घरात लेक असता ढावलो काढून अपशकून कोण करील गं. ह्याच्या लेकी ह्याच्या घरी रडव म्हणावं, नायका, ह्याला उठव गं.*

मागे बायका तोंडात पदर कोंबून हसू दाबत होत्या. कागदावर त्याला 'स्त्रियांचे हुंदके' म्हटलं होतं. आणि मधेच, अगदी जवळ, एक तान्हं पोर भुकेने किरकिरलं. गाता गाताच ती बाई थांबली, "आले रे माझ्या राजा," म्हणाली, आणि पुन्हा त्याच रडव्या सुरात तिने प्राध्यापकांना शिव्या घालायला घेतल्या.

तो उपाशी देविया म्हणजे आपणच, हे कळून देवसिंगांनी हेडफोन कानावर आणखी दाबून धरला. मानीबाईने तोंडावर ओढणी घेतली होती आणि तिचे खांदे गदगदा हलत होते.

संग्रहपाल लगबगीने पाणी घेऊन आले. आवाज बदलला होता त्यांचा. "होतं असं. फार करुण गीत आहे. आम्ही दरवर्षी मातृभाषा दिनाला हेच लावतो. मोठमोठे विद्वान येतात, कुलगुरू येतात. सगळे उभे राहून, मान खाली घालून ऐकतात." ते जरा घुटमळले. "काका, तुम्हाला भाषा येते म्हणून विचारतो. भाषांतर बरोबर आहे ना?"

देवसिंगांनी डोळे पुसले. बहिणीकडे पाहिलं. तिने ओढणीतूनच नाही अशी मान हलवली. खरं सांगू नको, असं ती म्हणत होती.

"नायकानं सांगतलं ते बरोबरच हाये," देवसिंग म्हणाले. "फक्त अज्ञात काढा. झमकीबाई राठोड लिहा."

"नक्की लिहितो."

"आन दरसाल लावत जा, साहेब. मोठ्यानं लावत जा."