रिकामी तारीख

"तिचं नाव यादीत होतं का नव्हतं, एवढंच सांग," बुरुल म्हणाली.

"होतं, एजे," केन्जेबेक म्हणाला; ताई म्हणावं तसं तो तिला एजे म्हणायचा. "सगळ्यांत खाली. त्रेचाळिसावं."

नारीन शहराच्या इस्पितळातली डायलिसिसची प्रतीक्षायादी अकरा वर्षं बुरुलच्याच हातात होती. घाटापलीकडच्या शाळेतली अनारकान मास्तरीण बोलावणं येईल म्हणून नऊ दिवस घरी वाट बघत राहिली आणि मंगळवारी वारली.

"तिच्या नोंदणीची तारीख मी मुद्दाम रिकामी ठेवलेली. ज्याची तब्येत थांबू देणार नाही त्याची रिकामी ठेवायची, म्हणजे तो आपसूक वर येतो. इतकी वर्षं येत होता की रे."

महिन्यापूर्वी इस्पितळाने नोंदी साठवणारा डेटाबेस बदलला होता आणि मधला ड्रायव्हर केन्जेबेकने लिहिला होता. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्याच. संगणकाच्या पडद्यावरून प्रश्न ठरलेल्या प्रमाण भाषेत यायचा, ड्रायव्हर तो त्या-त्या डेटाबेसला त्याच्या बोलीत सांगायचा. 'तारखेप्रमाणे यादी लाव' हे जुन्यालाही कळत होतं, नव्यालाही. पण ज्याला तारीखच नाही त्याला जुना सगळ्यांच्या पुढे उभा करायचा आणि नवा सगळ्यांच्या मागे. प्रमाण भाषेने ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेलं. केन्जेबेकला हे कॉलेजपासून ठाऊक होतं. इथे कोणी तारीख रिकामी ठेवतं का, एवढं मात्र त्याने कधी विचारलं नाही.

मुख्य डॉक्टर ओमुरझाकोव्ह यांनी त्याला आत बोलावलं.

"तुझ्या ड्रायव्हरात चूक आहे?"

"नाही, पण..."

"पण-बिण राहू दे. चूक नाही ना? मग यादीवाल्या बाईची. तारीख भरायची म्हणजे भरायची. लिहून दे."

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! केन्जेबेकने दोन वाक्यं लिहिली. ड्रायव्हर बिनचूक आहे. यादी कशी चालते हे मी बुरुलबाईंना विचारलं नाही.

डॉक्टरांनी पट्टी ठेवून दुसरं वाक्य खोडलं आणि कागद पुढे सरकवला. केन्जेबेकने सही केली. स्वतःची त्याला किळस आली, पण हात थांबला नाही.

तो बाहेर आला तेव्हा बुरुल फोनला चिकटली होती. यादीच्या तळाशी बिनतारखेची आणखी चार नावं होती.

"गाडी करा, उसनी आणा, काय वाटेल ते करा, पण आजच या," ती सांगत होती. तिघांना सांगून झालं.

चौथ्या घरी फोन कोणी उचलत नव्हतं. ती पुन्हा तोच नंबर लावत होती.