राखाडी स्वेटरचा तपास

आमच्या घरात कपाट एकच. भिंतभर लांब, चार दारांचं, पण एकच. त्यात माझे कपडे, नवऱ्याचे, सासूबाईंचे आणि आमच्या कन्यारत्नाचे. कॉलेजात जायला लागल्यापासून या कन्यारत्नाला रोज तीनदा कपडे बदलावे लागतात, का ते विचारायचं नाही. दार उघडलं की आधी एक बोळा अंगावर यायचा, मग दुसरा. सकाळी साडेसात ते आठ त्या कपाटापुढे जे चालायचं ते शेजाऱ्यांना तोंडपाठ होतं. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा, हे मला कबूल आहे. मी दवाखान्याच्या काउंटरवर बसते. दिवसभर लोकांशी गोड बोलावं लागतं. मग ओरडायचं कधी माणसानं? घरीच ना!

बाबा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. आई गेल्यापासून ते त्यांच्या गावी एकटेच राहतात. गेल्या वर्षात दोनदा दूध उतू जाऊन गॅस विझला, आणि दोन्ही वेळा वास आला तो शेजारणीला, यांना नाही. तेव्हापासून तिकडचा फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. "आता इथेच राहा," असं मी शंभरदा सांगितलं असेल. उत्तर ठरलेलं, "डोळा झाला की निघतो." चार शर्ट आणि दोन पँटी भरलेली बॅग त्यांनी दाराआड उभी करून ठेवली होती. रोज त्यातूनच काढायचे आणि धुतलेले परत त्यातच ठेवायचे. ती बॅग बघितली की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी बाबांना पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते आमचं कपाट.

"हे काय आहे?"

"कपाट आहे, बाबा."

"मला अपघात वाटला," बाबा म्हणाले, आणि बाह्या सरसावून कामाला लागले.

बाबांनी चौतीस वर्षं बसगाड्यांच्या वर्कशॉपचं भांडार सांभाळलं. हजारो सुटे भाग, आणि अंधारात हात घातला तरी हवा तोच नट हाताला लागायचा. निवृत्त झाल्यावर सांभाळायला काही उरलंच नव्हतं. तीन दिवसांत त्यांनी आमचं कपाट रिकामं केलं, पुसलं, पुन्हा लावलं. कप्प्यांवर आकडे चिकटवले, वहीत प्रत्येक कपड्याची नोंद केली. एकूण दोनशे अकरा नग. मी खूश. खरोखर घड्या बघून डोळे निवले माझे.

चौथ्या दिवशी सकाळी नवरा टॉवेल गुंडाळून कपाटापाशी गेला, तर पुढ्यात बाबा खुर्ची टाकून बसलेले.

"एक शर्ट हवा होता," नवरा म्हणाला.

"कालचा जमा केलात?"

"तो बाथरूममध्ये आहे."

"जुना जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही, जावईबापू. आणि चिठ्ठी लागेल."

माझा नवरा तसा गरीब गाय. तसाच टॉवेल गुंडाळून चिठ्ठी लिहायला बसला. बाबांनी ती वाचली, वही बघितली आणि कपाटातून एक निळा शर्ट काढून दिला. तो आमच्या साखरपुड्याच्या सुमाराचा होता. भांडाराचा नियमच तसा, आधी आलेला माल आधी बाहेर. ऑफिसात दुपारी नवऱ्याची दोन बटणं उडाली. कन्यारत्नाला सातवीतला फ्रॉक मिळाला, तेव्हा तिने जो टाहो फोडला त्यापुढे माझा आवाज म्हणजे काहीच नाही. मग मी मध्ये पडले. बाबा कुरकुरत म्हणाले, "तुमच्या घरापुरती ही सवलत." तेवढा नियम सुटला, बाकीचे कायम.

खरी ठिणगी पडली सासूबाईंशी. त्या शाल घ्यायला आल्या.

"विहीणबाई, चिठ्ठी."

"माझ्या शालीला मी चिठ्ठी देऊ? या घरात?"

"नियम सगळ्यांना सारखा."

सासूबाईंनी कागद ओढला आणि लिहिलं, 'शाल द्या. नाहीतर बघते.' बाबांनी ती चिठ्ठी गंभीर चेहऱ्याने तारेत अडकवली आणि शाल दिली. मला वाटलं, झालं, आता महाभारत! पण दुपारी सासूबाई शाल परत करायला स्वतःहून आल्या. संध्याकाळी त्यांनी राखाडी स्वेटर मागितला. तासाभराने तो परत करून पुन्हा शाल. दिवसाला चार चार चिठ्ठ्या व्हायला लागल्या. दर चिठ्ठीला अर्धा तास गप्पा, गुडघ्यांपासून ते आजकालच्या सुनांपर्यंत. सासरे गेल्यापासून इतकं बोलताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं. चुगल्या माझ्याच चालायच्या, पण चालू दे, म्हटलं.

आणि गंमत म्हणजे सकाळचा आरडाओरडा थांबला. मी आठाला पाच मिनिटं असताना काउंटरवर हजर! एका शनिवारी मनात आलं, बाबा आता रमले. म्हणून विचारलं, "तुमचा कप्पा कोणता केलात?"

"भांडारपालाने आपली वस्तू भांडारात ठेवायची नसते," बाबा म्हणाले. "आणि आता गरजही नाही. डॉक्टरांनी सोडलंय. उद्याचं तिकीट काढलंय मी. आज तुला चार्ज देतो."

माझा पारा असा चढला की विचारू नका. "तिकडे कोण आहे तुमचं? गॅस आहे आणि ती शेजारीण आहे! तिचं नाक चोंदलं एखाद्या दिवशी म्हणजे?" काय काय बोलले मी, शेवटी रडले. बाबांनी शांतपणे वही उघडली. म्हणाले, "मुलीच्या घरी माणसाने कामापुरतं राहावं. काम झालं."

तर चार्ज. म्हणजे मालाची मोजदाद करायची, देणाऱ्याने सही करायची, घेणाऱ्याने सही करायची. एक नट जरी कमी भरला तरी भांडारपालाला जागा सोडता येत नाही. बाबांनी चौतीस वर्षांत हा नियम एकदाही मोडलेला नाही. आम्ही दोघं मोजायला बसलो. मी मुद्दाम रडतरखडत मोजत होते. शेवटी आकडा आला दोनशे दहा.

पुन्हा मोजले. दोनशे दहा. सासूबाईंचा राखाडी स्वेटर नव्हता. परत केल्याची नोंद होती, बाबांचीच सही होती, पण स्वेटर नव्हता.

बाबांचा चेहरा उतरला. सासूबाई पलंगावर बसून काहीतरी निवडत होत्या. "मला काय विचारता? भांडार तुमच्या ताब्यात," म्हणाल्या. रात्रीपर्यंत घर उलथंपालथं झालं. रविवारची गाडी गेली.

सोमवारी मी सासूबाईंच्या गादीवरची चादर बदलत होते. कोपरा उचलला तर खाली काहीतरी राखाडी.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चादर टाक," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, पण बाबा बिचारे—"

"माझ्या चार चिठ्ठ्या कोण घेणार ते गेल्यावर? तू? तू नुसती खेकसतेस." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तोंड उघडलंस तर बघ हं."

एकोणीस वर्षांत या बाईशी माझं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. मी चादर टाकली आणि चारी कोपरे घट्ट खोचले. त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण त्यांनी "पुरे, साडीला चुण्या पडतील" म्हणून मला हाकललं असतं.

आठवडा गेला. बाबा रोज शोधत होते. माळ्यावर, बादल्यांमागे, अगदी पिठाच्या डब्यात सुद्धा. मला ते बघवेना. चौतीस वर्षांत एक नट न हरवलेला माणूस, आणि आम्ही दोघींनी त्याला चोरासारखं करून टाकलं होतं. शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"बाबा, तो स्वेटर—"

"विहीणबाईंना सांग, लोकर गादीखाली दबते," बाबा वहीतून मान वर न करता म्हणाले. "कागदात गुंडाळून ठेवा म्हणावं."

मी आ वासून बघतच राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"गेल्या रविवारपासून. भांडारातून माल कुठे जातो हे नाही कळलं तर चौतीस वर्षं काय केलं मी?"

"मग गेला का नाहीत?"

त्यांनी वही माझ्याकडे वळवली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'स्वेटर, राखाडी, एक. तपास चालू.' खाली आठ दिवसांच्या आठ तारखा, प्रत्येक तारखेपुढे पुन्हा 'तपास चालू.'

"माल पळवणारे पुष्कळ बघितले," बाबा म्हणाले. "मी जाऊ नये म्हणून कोणी पळवेल असं वाटलं नव्हतं गं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तपास चालू असेपर्यंत मला हलता येत नाही. किती चालेल सांगता यायचं नाही. माझे शर्ट बॅगेत चुरगळतायत. खालचा कप्पा देशील का?"

"खालचा कशाला? वाकता येतं का तुम्हाला?" मी ओरडले. "मधला घ्या!" आणि मधल्या कप्प्यातल्या नवऱ्याच्या पँटी ओढून ओढून पलंगावर फेकत सुटले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि बाबांकडे तोंड करायचं नव्हतं.